कपाळावरची आठी

हार घालून झाला. आप्पा खोतांनी वैजूच्या कपाळाला बुक्का लावला, वाकून नमस्कार केला आणि आपल्या जागेवर जाऊन मांडी घातली. मी पेटीवर नामगजराचा सूर धरला, बाबल गुरवानं तबल्यावर ठेका दिला, सभेनं टाळ्या धरल्या. गजर झाला. परत झाला. आता वैजूनं झांज उचलायची आणि आख्यान लावायचं. वैजू हात जोडून तशीच उभी.

मी खालून हळूच म्हटलं, "वैजू, उचल."

"दादा, मला नाही जमायचं," ती समोर बघतच म्हणाली.

"अगं, गजर तरी किती लांबवू?"

"लांबव."

एवढं म्हणून ती गादीवरून मागे सरली. देवाला नमस्कार केलान, गळ्यातला हार काढून गाभाऱ्याच्या पायरीवर ठेवला आणि बाजूच्या दारानं बाहेर पडली. मी आपला गजर लांबवतोय. बाबल माझ्याकडे बघतोय, मी बाबलकडे बघतोय, आणि सभा बिचारी टाळ्या वाजवतेय. शेवटी पुजाऱ्यालाच काय सुचलं कोण जाणे, त्यानं आरतीची घंटा हाणली.

ज्यांनी नारदाच्या गादीवरचं कीर्तन ऐकलेलं नाही त्यांना यात काय एवढं असं वाटेल. कीर्तनाचे दोन भाग. पूर्वरंगात एखादं पद घेऊन त्याचा अर्थ उलगडायचा. मग गजर होतो, गावातलं मोठं माणूस कीर्तनकाराला हार घालतं, आणि मग उत्तररंग, म्हणजे आख्यान. लोक खरं तर त्या गोष्टीसाठीच आलेले असतात. हार पडला की कीर्तनकार सभेचा झाला. अंगात ताप असो, लाईट जावोत, गादी मध्येच सोडत नाहीत. आमच्या केशवाच्या देवळात कार्तिकातल्या उत्सवात इतकी कीर्तनं मी ऐकली, हार काढून ठेवून गेलेला कीर्तनकार मात्र तेवढा एकच पाहिला, आणि ती माझी सख्खी धाकटी बहीण.

आमचं गाव राजापूरच्या खालच्या अंगाला, खाडीकाठी. उत्सवातलं पौर्णिमेचं कीर्तन आमच्या अण्णांचं, म्हणजे वडलांचं. श्रीधरबुवा आठल्ये उभे राहिले की सभा उजळते असं जुनी माणसं म्हणायची. मी लहानपणापासून त्यांच्या डाव्या हाताला पेटी घेऊन बसत आलो. मला गोष्ट सांगता येत नाही, सांगायला लागलो की आधी मीच रडतो. पण कीर्तनाच्या पायाशी बसायला मिळावं एवढंच देवाकडे मागणं होतं आणि ते त्यानं पुरवलं. पोटापाण्याला शाळेत मास्तरकी होतीच. गळा आणि वाणी आली ती वैजूकडे. पुण्याला राहून ती रीतसर कीर्तन शिकली. अण्णांना वाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली, तेव्हा ती गावी आली ती अण्णांची पौर्णिमा आपण उभी करायची हे मनाशी घेऊनच. लग्नाच्या गोष्टी काढल्या तर म्हणायची, "आधी गादीवर नीट उभी राहते, मग मांडवात बघू." आणि पहिल्याच वर्षी हे असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागल्या पडवीत नारळ सोलत बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो.

"काय झालं गो?"

"नाना शेवडे."

"काय म्हणाले नाना?"

"म्हणतात कशाला? पहिल्या रांगेत बसले होते. पहिल्या पदापासून कपाळाला आठी. मी पद घेतलं, आठी. दाखला दिला, आठी. मग मला तेवढीच दिसायला लागली. पुढचा शब्द कुठला ते आठवेना."

"अगं, पण शेजारी मंगलामावशी डोळे पुसत होती! पोरं हसत होती. शिंप्याचा म्हातारा तर मान डोलावून डोलावून..."

"असतील."

"असतील काय? होतीच. मी पाहिली ना!"

"तुला दिसली, दादा. मला नाही दिसली." तिनं सोललेला नारळ बाजूला ठेवला. "दरवेळी हेच होतं. पुण्यातसुद्धा व्हायचं. भरल्या सभेत माझे डोळे बरोबर त्या एका तोंडावर जातात. जा म्हणावं लागत नाही. अण्णांना बघ, कसे बिनघोर उभे राहायचे. देवानं मला गळा दिलान, पण गादीवर उभं राहायचे डोळे नाही दिलेन."

मी उठलो तो तडक नाना शेवड्यांकडे. हे रिटायर पोस्टमास्तर, देवमाणूस.

"नाना, काल वैजूचं कुठं चुकलं का?"

"चुकलं? कोण म्हणतो? अहो, काय रसाळ वाणी! मधेच बंद का झाली पोर?"

"तुमच्या कपाळाला आठी होती म्हणे."

"दाढ हो!" नानांनी गाल धरला. "तीन दिवस ठणकतेय. तरी आलो. म्हटलं श्रीधरबुवांची लेक आहे."

मी धावत घरी आलो आणि वैजूला सांगितलं. वाटलं, हसेल आणि मोकळी होईल. तर ही म्हणते, "म्हणजे दुखतच होतं ना काहीतरी? मला खोटं नव्हतं दिसलं."



उत्सवाचं सगळं बघणारे आप्पा खोत चार दिवसांनी आले. ओटीवर बसून तंबाखू मळता मळता म्हणाले, "यशवंत, पोरीला दोष देत नाही. पण पौर्णिमेची सेवा अशी अर्धी राहून चालत नाही. पुढल्या वर्षी चिपळूणचे बुवा सांगू का?"

"आप्पा, अजून वर्ष आहे."

"बुवा वर्षभर आधीच सांगावे लागतात. बरं, गणपतीपर्यंत थांबतो. तिनं हो म्हटलं तर ठीक, नाहीतर ती सेवा तुमच्या घरातून गेली असं समजा. आणि एकदा गेली की परत येणं कठीण, हे मी तुला सांगायला नको."

दाराआडून वैजूनं ऐकलं. आत आलो तर म्हणाली, "सांगू दे त्यांना चिपळूणचे बुवा." आणि चुलीतलं लाकूड विनाकारण पुढे सारलं.

अण्णांचं मात्र एक नवल होतं. वाचा गेली होती. "पाणी" म्हणायचं असलं तरी "प... प..." होऊन डोळ्यांत पाणी यायचं. पण एकदा माझी बायको प्रमिला चहा ठेवून गेली आणि आतून साकीच्या चालीवर खणखणीत आवाज आला:

"चहा निवाला, साखर नाही, कोण करी हा धंदा?"

प्रमिलेच्या हातून भांडं पडलं. साकी म्हणजे कीर्तनकार गोष्ट पुढे न्यायला म्हणतात ती चाल. बोलणं अडलं होतं, गाणं शाबूत होतं! राजापूरचे डॉक्टर म्हणाले की असं होतं, बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची वाट उघडी राहते कधीकधी. मी म्हटलं, देवाला ठाऊक कुठली वाट ठेवायची. त्यानंतर अण्णांना काही मोठं सांगायचं असलं की ते डोळे मिटून शब्द चालीत बसवायचे. वेळ लागायचा. सारखं जमायचं नाही. दमून जायचे. पण घरात कढी आंबट झाली तरी दिंडीच्या चालीत कळायचं.

हे सगळं असं चाललेलं असताना वैशाखात रेणुका माणगावकर गावात आली. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेत ती संशोधन करत होती. तिला कुटुंबं हवी होती, आई किंवा बाप आणि त्यांची सख्खी मोठी मुलं. शाळेला सुट्टी होती, म्हणून मी तिला सातवीचा वर्ग उघडून दिला आणि त्या भाड्यात आमचंच घर पहिलं गिऱ्हाईक झालं.

"हे नक्की काय गो?" मी विचारलं.

"सोपं आहे, सर. लॅपटॉपवर दोन चेहरे शेजारी-शेजारी दिसतील. एक हसरा, एक उदास किंवा रागावलेला. क्षणभर. मग ते जातील आणि त्यातल्या एकाच्या जागी ठिपका येईल. ठिपका ज्या बाजूला, त्या बाजूचं बटण दाबायचं. तुमचे डोळे आधीच त्या बाजूला गेलेले असले तर बोट लवकर पडतं. एवढंच मोजायचं."

"आणि ही नळी?"

"त्यात थुंकायचं."

"कीर्तनकाराच्या घरातली थुंकी तुला काय करायची?" प्रमिला पदरात हसली. ती घरची सून, म्हणून तिला यात जागा नव्हती. पण कोकम सरबत घेऊन तमाशा बघायला आली होती.

रेणुकाही हसली. "त्यातनं जनुकं कळतात, वहिनी. मेंदूत एक रसायन असतं, त्याची ने-आण करणारं एक जनुक. कुणाचं थोडं आखूड असतं, कुणाचं लांब. आखूडवाल्यांचे डोळे दुःखी, रागीट चेहऱ्यांकडे जरा आधी वळतात, लांबवाल्यांचे हसऱ्यांकडे, असं काही ठिकाणी आढळलंय. काही ठिकाणी नाही आढळलं. म्हणून तर बघतोय."

"म्हणजे हे आईबापाकडून येतं?" वैजूनं विचारलं. सकाळपासून तिनं काढलेला हा पहिला शब्द.

"थोडं. सगळं नाही. नुसता कल म्हणा."

"मग तू हे सगळं झाल्यावर मला सांगशील? मी कुठली ते?"

"नाही सांगता येणार गं. नावं निघून जातात, सगळ्यांचे आकडे एकत्र होतात. मलासुद्धा कळत नाही कोणाचं काय."

वैजूचं तोंड पडलं. मला वाटतं, कोणीतरी तिला कागदावर लिहून द्यावं असं तिला वाटत होतं, की बाई, तू यासाठी बनलेली नाहीस. म्हणजे मग सुटली.

एकेक करून आम्ही बसलो. मी तर लहान मुलासारखा रंगलो. वैजूनं ओठ दाबून सगळं केलं. अण्णांना खुर्चीसकट आत नेलं, त्यांनी डाव्या हातानं बटणं दाबली, आणि मधेच "अं!" असं म्हणत राहिले. संपल्यावर आम्ही शाळेच्या व्हरांड्यात सरबत पीत बसलो. रेणुका वायरी गुंडाळत होती. गंमत म्हणून तिनं विचारलं, "सर, त्यातला एखादा चेहरा आठवतो का?"

"तर! नाकात मोठी चमकी असलेली ती बाई, काय गोड हसत होती! आणि तो दात पडलेला आजोबा. आणि टोपीवाला."

"तुला गं, वैजयंती?"

"मला नाही दिसली चमकीवाली." वैजू पेल्याकडे बघत बोलायला लागली. "एक मोठ्या कपाळाचा माणूस, दोन भुवयांच्या मध्ये उभी रेघ. एक मुलगी, खालचा ओठ आत घेतलेली, रडू दाबत असावी. एक म्हातारी, तिची नजर आपल्याकडे नाही, बाजूला. आणि तो एक..."

"अं! अं!"

अण्णा डावा हात वर करून काहीतरी सांगत होते. त्यांनी आपल्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं आणि बोटानं तिथे एक आडवी रेघ ओढली.

"व्रण," वैजू म्हणाली. "हो, त्याच्या भुवईवर व्रण होता. दातओठ खात होता तो. अण्णा, तुम्हाला तो दिसला?"

अण्णांनी मान हलवली. मग खालचा ओठ आत घेऊन दाखवला. मग मान वळवून बाजूला बघून दाखवलं, म्हातारीसारखं. एकामागून एक त्यांनी वैजूचे सगळे चेहरे आपल्या वाकड्या तोंडावर आणून दाखवले आणि वर वैजूनं न सांगितलेले दोन आणखी.

मी विचारलं, "आणि चमकीवाली हो, अण्णा?"

अण्णांनी हात हलवला. कुठली चमकीवाली?

रेणुकाच्या हातातली वायर तशीच राहिली. वैजूनं पेला खाली ठेवला आणि अण्णांच्या खुर्चीपाशी येऊन बसली.

"अण्णा, सभेतसुद्धा?"

मान हलली.

"नेहमी?"

अण्णांनी डोळे मिटले. डाव्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरायला लागली. आम्हाला कळलं, काहीतरी चालीत बसतंय. प्रमिलेनं हातातला तांब्या आवाज न करता ठेवला. बराच वेळ गेला. एक शब्द आला, मोडला. पुन्हा बोटं चालू लागली. मग साकी आली, जुन्या आवाजाच्या सावलीत:

"पोटी गोळा रोजच येई, उभा राहिलो तरिही..."

वैजूच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ती त्यांच्याशी चक्क भांडायला लागली. "मग सांगितलंत का नाही कधी? मला वाटायचं तुम्हाला सगळे हसतानाच दिसतात! सगळी सभा तुमच्याकडे बघून उजळते असं लोक सांगायचे. आणि मी मेली इकडे... अण्णा, द्यायला दुसरं काही नव्हतं का तुमच्याकडे?"

अण्णांचं अर्धं तोंड हसलं. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, मग वर आभाळाकडे. याला आईचं आलं, असं त्यांना म्हणायचं होतं. आमची आई. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. पडल्या छपराखालीसुद्धा तिला चिमणीचं घरटं आधी दिसायचं.

मी त्यांच्या शेजारी बसून आयुष्यभर पेटी वाजवली होती. मला सभा दिसायची ती दिवाळीसारखी. त्याच वेळी त्याच ठिकाणी उभं राहून त्यांना काय दिसत होतं, याची कल्पना माझ्या स्वप्नातही आली नव्हती.

"मग करायचात काय?" वैजूनं डोळे पुसले. "ते तोंड दिसल्यावर पुढे काय करायचात?"

अण्णा खूप दमले होते. मी म्हटलं, राहू दे आता, उद्या सांगतील. पण त्यांनी माझा हात झिडकारला. बोटं पुन्हा मांडीवर चालू लागली. या वेळी मात्र शब्द अडखळत आले नाहीत. तयार असल्यासारखे आले, मनात नेहमी म्हणत आले असावेत असे:

"हसणारे तर हसतच होते, त्यांना काय बघावे?
मिटलेल्या त्या तोंडापाशी कीर्तन घेउन जावे."

रेणुकानं हळूच विचारलं, "सर, हे मी लिहून घेऊ?"

"घे की. प्रबंधात घालशील?"

"प्रबंधात नाही चालायचं," ती म्हणाली. "माझ्याजवळ असू दे."

वैजूनं लगेच हो म्हटलं असं नाही. पाऊस सुरू झाला, भात लावून झालं, तरी झांज खुंटीलाच. एके दिवशी दुपारी मी शाळेतून आलो तर माजघरात वैजू उभी आणि समोर खुर्चीत अण्णा, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं करून बसलेले. वैजू निरूपण करतेय आणि अण्णा ढिम्म. ती दाखला देतेय, अण्णा भिंतीकडे बघतायत. ती हात जोडतेय, अण्णा जांभई देतायत.

"हे काय चाललंय?" मी प्रमिलेला विचारलं.

"तालीम. सासरे नाना शेवडे झालेत."

मग रोज तेच. अण्णांनी अशी अशी तोंडं केली की बघूनच दूध नासावं. वैजू पहिल्यांदा अडखळायची, मग चिडायची, मग एक दिवस मला वाटतं ती खरंच विसरली की ते अण्णा आहेत. तिचा आवाज खाली आला. समजूत काढताना येतो तसा. अण्णांनी तोंड काही सैल केलं नाही. पण डाव्या हाताचं बोट तेवढं वर केलं. हां, तिकडेच ने, असं काहीसं. गणपती बसायच्या आधी वैजूचा होकार मी आप्पा खोतांना सांगून आलो.

"नक्की ना?" आप्पा म्हणाले. "यंदा हार घातला की गाठच मारीन हो."

कार्तिकी पौर्णिमा आली. दिवस मावळला तशी सभा भरायला लागली. मागच्या वर्षीचं सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे गर्दी दुप्पट. हेही देवाचंच देणं म्हणायचं. अण्णांची खुर्ची भिंतीशी. वैजू अंजिरी नऊवारी नेसली होती. नमन झालं, पद झालं. मी समोर पाहिलं तर काय सांगू, सगळी सभा फुललेली! नाना शेवडे नव्या कवळीनिशी हसत होते. मी मनात म्हटलं, केशवा, यंदा तूच आवरलंस सगळं.

आणि निरूपणाच्या मधोमध वैजूचा सूर हलला. बाकी कोणाला कळलं नसेल. पेटीवाल्याला कळतं. मी तिच्या पायांकडे पाहिलं. अंगठा सतरंजीत रुतला होता. तिला काहीतरी दिसलं होतं. मी तिच्या नजरेच्या दिशेनं बघायचा प्रयत्न केला, पण मला आपले हसरेच दिसत राहिले. तिनं पूर्वरंग कसाबसा किनाऱ्याला लावला.

आप्पा हार घेऊन उठले. हार घातला, बुक्का लावला, नमस्कार केला, बसले. मी गजर धरला. एकदा झाला. वैजू हात जोडून उभी. बाबलनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा सभेकडे बघत होते, त्याच दिशेला जिकडे वैजू बघत होती. त्यांनाही दिसलं होतं, जे काय होतं ते.

गजर परत झाला. आणि वैजूनं झांज उचलली.

गादीच्या मधून ती सरकली ती पार उजव्या कडेला, तिसऱ्या खांबाच्या बाजूला. आम्ही बसवलेलं आख्यान वेगळं होतं. ते तिनं घेतलंच नाही. आवाज खाली आणून, ओटीवर बसून शेजारणीशी बोलावं तसं तिनं सुरू केलं.

"एक बाई होती हो. रोज देवळात यायची. दिवा लावायची नाही, फूल वाहायची नाही. यायची आणि देवाकडे पाठ करून बसायची."

सभेत हसू आलं.

"पुजारी रागावला. म्हणाला, बाई गं, इथे आल्यावर तोंड देवाकडे करावं. ती म्हणाली, माझं नि त्याचं बोलणं नाही. पुजारी म्हणाला, मग येतेस कशाला? ती म्हणाली, दुसरीकडे कुठं जाऊ?"

आता कोणी हसलं नाही. मी एकच सूर धरून ठेवला. बाबलनं हात तबल्यावर नुसता ठेवला. वैजू एकेक पाऊल टाकत गोष्ट सांगत गेली. पुजाऱ्यानं तिला बाहेर काढायचा बेत केला, माणसं जमवली, आणि सकाळी येऊन पाहतो तर गाभारा रिकामा. देव नाही. सगळीकडे शोध. आणि देव कुठे, तर बाई जिकडे तोंड करून बसली होती तिकडे, तिच्यासमोर, धुळीत मांडी घालून.

"पुजारी हात जोडून म्हणाला, देवा, गाभारा सोडून इथे कुठं बसलास? देव म्हणाला, हळू बोल. ती अजून माझ्याशी बोललेली नाही. मी वाट बघतोय."

पुढचं मला नीट सांगता यायचं नाही. मी पेटीवर डोकं टेकून रडत होतो आणि बोटं आपोआप चालत होती. मंगलामावशीचं हुंदके देणं तबल्याच्या आवाजातूनही ऐकू येत होतं. वैजूनं आख्यान शेवटाला नेलं, प्रार्थना म्हटली, आरती झाली. पौर्णिमेची सेवा पुरी झाली.

लोक येऊन तिच्या पाया पडत होते. आप्पा खोत सारखं नाक पुसत होते. गर्दी सरल्यावर तिसऱ्या खांबाकडून एक बाई आली. धुवट हिरवं लुगडं, केस मागे घट्ट बांधलेले. आमच्या गावची नव्हती; उत्सवाला कोणाकडे आली असेल. तोंड असं मिटलेलं की त्यावरून हसू नाही, रडू नाही, काही गेलेलं नाही. सगळी सभा विरघळली, ही जशी आली तशीच होती. तिनं नमस्कारही केला नाही.

"परत कधी आहे?" तिनं विचारलं.

पुढची कार्तिकी पौर्णिमा वर्षानं. वैजूची ती एकच सेवा होती. त्यापुढचं आमच्यापैकी कोणी बोललंसुद्धा नव्हतं.

"उद्या," वैजू म्हणाली.

"कुठं?"

"आमच्या ओटीवर. दिवेलागणीला."

बाईनं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "येते," म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

"अगो, उद्या?" आप्पा दचकले. "उत्सव तर आज संपला!"

"देवळात नाही हो, आप्पा. घरी."

"कोण गो ती?" मी विचारलं.

"मला काय माहीत?"

"मी तर तिला आत्ता पहिल्यांदा पाहिली. पूर्ण कीर्तनात नाही दिसली."

"तुला कशी दिसेल, दादा?" वैजू म्हणाली आणि ज्या हसण्यासाठी आम्ही वर्षभर थांबलो होतो ते हसली. मग अण्णांच्या खुर्चीमागे जाऊन दोन्ही हातांनी ती ढकलायला लागली. पायरीपाशी थांबून तिनं मागे वळून मला हाक मारली.

"आणि उद्या सूर थोडा खाली धर. आज कितीही हळू म्हटलं तरी आवाज तिसऱ्या खांबापर्यंत पोचवायचा होता. उद्या ती जवळ बसेल."